एकोणतीस वर्षांचा कमळाकर

जीवनच्या रक्ताची तपासणी ठरली, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. जीवनचं सोडून दुसऱ्या कोणाचंही रक्त दिलेलं बरं.

हे एकमत झालं कसं ते सांगायला हवं, कारण पनवेलच्या कोळीवाड्यातल्या त्या घरात एरवी आमटीतल्या मिठावरूनही दोन पक्ष पडायचे आणि दोन्ही पक्ष उपाशी उठायचे.

जीवन तळोज्याच्या एका कंपनीत कामाला होता. ही कंपनी मेलेल्या बॅटऱ्या विकत घ्यायची, त्या फोडायची, आतलं शिसं भट्टीत वितळवायची आणि त्याच्या लाद्या पाडून नव्या बॅटऱ्या करणाऱ्यांना विकायची. जीवन भट्टीच्या शेडमध्ये होता. शेडला धूर ओढून बाहेर टाकणारा एक भलामोठा पंखा होता. तो कधी बंद पडला ते कोणालाच आठवत नव्हतं. त्याच्या पात्यांमध्ये कबुतरांनी संसार थाटला होता, आणि सेफ्टी ऑफिसर विनायक सरांकडे पंख्याचा विषय काढला की ते म्हणायचे, फाईल वर गेलीय. कबुतरं वर होती, फाईलही वर होती. खाली फक्त माणसं होती. शिशावर उतारा म्हणून त्यांना रोज गुळाचा एक खडा मिळायचा.

कामगारांचं रक्त ठरावीक मुदतीने तपासायचं असा नियम होता. तो काचेच्या फ्रेममध्ये घालून ऑफिसच्या भिंतीवर टांगला होता आणि फ्रेममध्ये गेलेल्याला आपल्याकडे हार घालायची पद्धत असल्यामुळे त्यालाही एक प्लास्टिकचा हार होता. त्या वर्षी कंपनीत डॉक्टर आभा रुजू झाली. मूळची पुण्याची, राहायला करंजाड्याला. नवीनच असल्यामुळे तिने तो नियम वाचला. आठवड्याभरात शेडमधल्या प्रत्येकाच्या हातात एकेक चिठ्ठी आली. सुट्टीच्या दिवशी पनवेलच्या लॅबमध्ये जा, रक्त द्या, रिपोर्ट कंपनीकडे परस्पर येईल.

नेमकी त्याच महिन्यात काही कंत्राटी कामगारांना कायम करणार असल्याची बातमी पसरली. बातमीला लगेच शेपूट फुटलं. ज्याच्या रक्तात शिसं जास्त निघेल, त्याला कायम करणं राहिलं बाजूला, उद्यापासून येऊ नको म्हणून सांगणार. पुरावा म्हणून हृतिकचं नाव घेतलं जायचं. हृतिकच्या अंगात रक्त कमी निघालं, तेव्हा कंत्राटदाराने त्याला विश्रांतीसाठी घरी पाठवलं होतं. ती विश्रांती अजून चालू होती. सध्या तो करंजाड्यात टेम्पो चालवून विश्रांती घेत होता.

जीवनला आपल्या रक्ताबद्दल शंका नव्हती. खात्रीच होती. शिसं चढलं की हिरड्यांवर निळी रेघ उमटते असं त्याने मोबाइलवर वाचलं आणि बाइकच्या आरशात हिरड्या पाहिल्या, तर रेघ होती. घामाने भिजून तो घरी आला. त्याच्या बायकोने, रोशनीने, ती रेघ ओल्या फडक्याने पुसून काढली आणि जांभळं खाल्ल्यावर चूळ भरत जा म्हणून सांगितलं. रेघ गेली, भीती राहिली. रोशनीला पाचवा महिना होता. बाळ येईल तेव्हा बाप कायम असावा, एवढंच जीवनचं मागणं होतं. कायम म्हणजे नोकरीत. पण शिशाबद्दल जे जे वाचलं, त्यानंतर दुसऱ्या अर्थानेही असला तर बरं, असं त्याला वाटू लागलं होतं.

तर रविवारी जेवणं झाल्यावर घरात बैठक बसली. विषय एकच, घरातलं सगळ्यात स्वच्छ रक्त कोणाचं.

पहिलं नाव चुलतभाऊ मिथुनचं निघालं. वय तेच, चेहरा तोच, चिठ्ठीवर फोटो नव्हता. पण मिथुनचं आदल्या रात्रीचं अजून उतरलं नव्हतं, आणि त्याला सुई टोचली तर लॅबवाल्यांना चढेल, असं गुणाबाईचं, म्हणजे जीवनच्या आईचं मत पडलं. गुणाबाईला स्वतःला साखर होती. रोशनीने स्वतःचं नाव सुचवलं नाही, कारण ती जीवन नाही हे दिसत होतं, आणि पाचव्या महिन्यात तर फारच दिसत होतं.

तेव्हा ओटीवरून आवाज आला. "माजं घ्या."

ओटीवर जीवनचा बाप, कमळाकर, पाग विणत बसला होता. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. ते हवेत भाकरीसारखं उघडतं, पाण्यावर पडतं आणि काठाला लावलेल्या वजनांनी तळाशी जाऊन माशांना खाली गाठतं. गुडघ्यांनी संप केल्यापासून कमळाकरने होडी सोडली होती, पण त्याच्या हातच्या पागांना थेट उरणच्या मोरा बंदरापर्यंत मागणी होती. स्वतःही तो खाडीत पाग टाकायचा. मात्र गेलं वर्षभर त्याचा पाग उघडताना अर्ध्या पापडासारखा उघडत होता. दोष तो वाऱ्याला द्यायचा. वारा पडलेला असला तर भरतीला.

गालातल्या गोळ्या एका बाजूला सारून तो म्हणाला, "या रगतात कंपनी नाय. एक दिवस नाय. निसती खाडी हाय."

"खाडीत काय कमी घान हाय?" गुणाबाई म्हणाली.

पण कमळाकरचं रक्त खरोखरच उजवं होतं. दारू त्याने कधीच सोडली होती. तंबाखू नव्हती. धूर त्याला फक्त बोंबील भाजतानाचा माहीत. जन्मभर खाऱ्या हवेत आणि मासळीवर वाढलेलं रक्त, घरात बसून, फुकट. उरला प्रश्न वयाचा. चिठ्ठीवर जीवनचं वय एकोणतीस होतं आणि कमळाकरचं चाललं होतं अठ्ठावन्न. रोशनीने हळूच तसं म्हणून पाहिलं. कमळाकरला तो अपमान वाटला. मी एकोणतीसचा होतू तवा असाच दिसायचू, असं तो म्हणाला. गुणाबाईने त्यावर काहीच म्हटलं नाही, ही त्या दिवसातली सगळ्यात बोचरी गोष्ट होती.

मिथुनने आपल्याकडची केसांची डाय आणली. तिच्यात डोकं आणि मिशा भागल्या. भुवयांना पुरली नाही. अशा रीतीने मिशा एकोणतीसच्या आणि भुवया अठ्ठावन्नच्या घेऊन कमळाकर पनवेलच्या बाजारातल्या त्या लॅबमध्ये शिरला. जीवन काचेच्या दारापाशी, बाहेर, तोंडाला रुमाल बांधून उभा राहिला.

टेबलामागच्या मुलीच्या कोटावर रुचिरा असं नाव होतं. तिने चिठ्ठी पाहिली, मान वर न करता वय विचारलं. कमळाकरने एकोणतीस सांगितलं. मग तिने मान वर केली. बराच वेळ ती वरच ठेवली.

"कुठे काम करता?"

"तलोज्याला. बॅटरीच्या कंपनीत."

रुचिराच्या चेहऱ्यावरची शंका गेली आणि तिथे इतकी दया आली की जीवनला दाराबाहेर कसंतरी झालं. "काय करून टाकतात हो माणसाचं," ती म्हणाली. रक्त घेताना ती दोनदा दुखतंय का म्हणून विचारत होती. शेवटी तिने कमळाकरला ग्लुकोजची दोन बिस्किटं दिली. बाकीच्यांना एकेक मिळत होतं.

घरी येताना कमळाकर बाइकवर मागे ताठ बसला होता. रक्त कसं जर्द लाल होतं, पोरगी कशी बघतच राहिली, हे त्याने संध्याकाळपर्यंत वाड्यातल्या बऱ्याच जणांना सांगितलं. रक्त कशासाठी दिलं, ते मात्र सांगायचं नव्हतं, म्हणून नुसतंच सांगितलं.

जीवन त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला.

*

रिपोर्ट आले त्या दिवशी जीवनला शेडमधून बोलावणं आलं. काम थांबव, हातपाय, तोंड धुऊन ये, असा डॉक्टर आभाचा निरोप होता. एवढं स्वच्छ करून बोलावतायत म्हणजे अभिनंदनच असणार, असा हिशेब करून तो हसत हसत आत गेला.

डॉक्टर आभाने त्याला खुर्चीत बसवलं. कागदाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अठ्ठावन्न."

जीवन खुर्चीतून अर्धा उठला. बापाचं वय रक्तात दिसतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"शिसं," डॉक्टर म्हणाली. "रक्तातलं. अठ्ठावन्न. अख्ख्या शेडमध्ये सगळ्यात जास्त तुमचं आहे. हिमोग्लोबिन नऊच्या खाली. तुम्ही उभे कसे राहता?"

आता खरं म्हणजे जीवनने इथेच सांगायला हवं होतं. पण माणूस घाबरला की त्याला सगळ्यात सोपी गोष्ट खरी वाटते, आणि सगळ्यात सोपी गोष्ट ही की लॅबने घोटाळा केला. बाबांच्या रक्तात कंपनीचं शिसं येणारच कुठून? नळ्या बदलल्या असणार. ज्याची कोणाची असेल ती असो. तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा डॉक्टरने मेंदूवरचा परिणाम असा अर्थ लावला.

पुढचा दीड दिवस कंपनीत जे झालं ते आधी कधीच झालं नव्हतं. जीवनला एसी खोलीत बसवून ठेवलं. विनायक सर स्वतः शहाळं घेऊन आले आणि स्ट्रॉ त्याच्या तोंडापर्यंत धरून उभे राहिले. वर गेलेली फाईल खाली आली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीवर चार माणसं चढली, कबुतरांना समजावून बाहेर काढलं आणि दुपारी तो पंखा सुरू झाला. शेडमधला धूर ज्या वेगाने बाहेर गेला, ते पाहून जुनी माणसं काम सोडून उभी राहिली. समोरची भिंत हिरव्या रंगाची आहे, हे बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं. नवे मास्क आले. हात धुवायला साबण आला आणि तो साबण संध्याकाळपर्यंत तिथेच राहिला. डबा शेडमध्ये खायचा नाही असा हुकूम निघाला आणि खायला वेगळी जागाही निघाली.

हे सगळं जीवनमुळे झालं. माणसं खिडकीपाशी येऊन त्याला हात दाखवून जायची. कोणीतरी त्याच्यासाठी वडापाव पाठवला, चटणी जास्त घालून. जीवनने तो खाल्ला, पण गिळताना त्रास झाला. डॉक्टरने तेही लिहून घेतलं.

मग त्याची नीट तपासणी झाली. डॉक्टरने त्याला हात पुढे करायला लावले. मनगटं ताठ राहिली. हिरड्या पाहिल्या, गुलाबी होत्या. जीभ, डोळे, गुडघे, सगळं ठणठणीत. डॉक्टर आभा गोंधळली. पुस्तकाप्रमाणे हा माणूस असा असायला नको होता. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

पोटात मुरडा येतो का, असं तिने विचारलं. जीवन नाही म्हणाला, पण घरात हिंगाची डबी हल्ली आठवड्याला का संपते, ते त्याला आठवलं. पोट साफ होतं का? त्याचं होत होतं. पण एरंडेल पिऊन कोणीतरी घरात रोज सकाळी देवाला बोल लावत होतं. तोंडाला गोडसर, विचित्र चव येते का? चहात साखर नाय की काय, असं कोणीतरी दोन महिने गुणाबाईशी भांडत होतं. हातातली पकड गेल्यासारखी वाटते का? जीवनला खाडीकाठ दिसला. पाग अर्ध्या पापडासारखा उघडून पाण्यावर पडला.

तो खुर्चीच्या कडेवर आला.

"हल्ली फार चिडचिड करता का?" डॉक्टरने विचारलं.

"ते पहिल्यापासूनच आहे त्यांचं," जीवन म्हणाला.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "कोणाचं?"

जीवनने सांगितलं. डाय, भुवया, दोन बिस्किटं, हृतिकचा टेम्पो, रोशनीचा पाचवा महिना, सगळं. नोकरी गेली हे त्याला कळत होतं आणि त्याचं त्या क्षणी काहीच वाटत नव्हतं. "बाबांचं आहे ते रक्त," तो म्हणाला, "लॅबने काही चूक केलेली नाही. ते वाचतील ना?"

डॉक्टर आभाने खुर्चीवरची पर्स उचलली. "रागवायचं आहे मला तुमच्यावर," ती म्हणाली. "पण ते नंतर. आधी घरी चला."

*

पुढे जीवनची बाइक आणि मागे डॉक्टरची स्कूटर कोळीवाड्यात पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. कमळाकर अंगणात बसला होता. मांडीवर नवा पाग पसरलेला, उजवा गाल फुगलेला. गुणाबाईने डॉक्टरला खुर्ची दिली. जीवनने बापाला घाबरत घाबरत सांगितलं की तुमच्या रक्तात शिसं निघालं. कमळाकरला हे ऐकून आधी राग आला. आपलं रक्त आणि शिसं, ही लॅबवाल्यांची बदमाशी होती.

डॉक्टरने शांतपणे विचारलं, "काका, शिशाशी तुमचा कधी काही संबंध आला होता का? आठवून सांगा."

कमळाकरने गालातली एक गोळी जिभेने पुढच्या दातांत आणली. ती करड्या रंगाची होती, मध्ये चीर पाडलेली. चिरेत त्याने पागाच्या काठाची दोरी बसवली, गोळी दाढेखाली घेतली आणि कचकन दाबली. गोळी दोरीला घट्ट बसली. मग उरलेल्या गोळ्या उजव्या गालातून डाव्या गालात सारून तो म्हणाला, "नाय वो. आमी कंपनीत कदी गेलूच नाय."

आणि त्याने पुढची गोळी दातात धरली.

डॉक्टर आभा खुर्चीत मागे टेकली. जीवन बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. जन्मल्यापासून त्याने ते तोंड पाहिलं होतं आणि जन्मल्यापासून त्या गालात गोळ्या होत्या. सुतार खिळे धरतो तसा बाप गोळ्या धरतो, एवढंच त्याला माहीत होतं. हायवेवरच्या टायरच्या दुकानांतून चाकांना लावायची शिशाची जुनी वजनं आणायची, अंगणाच्या कोपऱ्यात फुटक्या कढईत वितळवायची, वाळूत गोळ्या पाडायच्या. दिवसभर कंपनीत तेच करून यायचं आणि घरी येऊन बाप तेच करताना बघायचं, तरी दोन्ही एकच आहे हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कंपनीतलं शिसं वेगळं होतं. ते काळं होतं, त्याला धूर होता आणि त्याच्यावर कवटीचा बोर्ड होता. हे घरचं होतं.

डॉक्टरने हात पुढे केला आणि गोळ्या मागितल्या. कमळाकरने त्या नाइलाजाने तिच्या रुमालात थुंकल्या.

"ह्या तर गोल्या हायत," तो म्हणाला. "माजा बापूस पन दातानंच दाबायचा."

"ते कशाने गेले?"

कमळाकरने आठवलं. "पोट दुकून," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने त्याचा चेहरा बदलला.

मग गुणाबाई डॉक्टरला म्हणाली, "मी कदीपासून सांगतंय, या मानसाच्या तोंडात इष हाय. मना वाटलं बोलन्यात हाय."

कमळाकर हसला नाही. पण त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि ती पदराने डोळे पुसते आहे हे त्याला दिसलं, म्हणून तो दुसरीकडे पाहू लागला.

डॉक्टरने सांगितलं ते सोपं होतं. वेळेवर कळलं. गोळी तोंडात घालायची नाही, शिसं वितळवायचं नाही, लोखंडाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या, रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं. आकडा उतरत गेला तर जालीम औषधाची गरजसुद्धा पडणार नाही. शिसं आलं तसं जाईल, फक्त यायचं थांबलं पाहिजे. लोखंडाच्या गोळ्या म्हटल्यावर कमळाकरने त्या गालात धरायच्या का, असं विचारलं. गिळायच्या, असं डॉक्टर म्हणाली. उतारा म्हणून गूळ खाऊ का, असं जीवनने विचारलं. खा, पण त्याने काही उतरत नाही, असंही ती म्हणाली. कंपनीची इतकी वर्षं त्या एका वाक्यात गेली.

मग तिने रोशनीकडे पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. रोशनीचं, आणि सोबत गुणाबाईचं, रक्त दुसऱ्याच दिवशी घ्यायचं ठरलं. जीवन त्या रात्री झोपला नाही. कंपनीतून तो अंगावर काय काय घेऊन आला असेल, बाप अंगणात काय काय वितळवत बसला असेल, हे त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

रोशनीचा रिपोर्ट स्वच्छ आला. गुणाबाईचाही. डॉक्टरने खोदून विचारलं तेव्हा कारण कळलं. गुणाबाईला वासाचं वेड होतं. जीवन कंपनीतून आला की अंघोळ केल्याशिवाय ती त्याला उंबरा ओलांडू देत नसे. त्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची, कारण त्यांना 'मेल्याचा वास' यायचा. कमळाकरची कढई तिने चुलीजवळून केव्हाच हाकलली होती, आणि गोळ्यांच्या हाताने भाताला हात लावला तर ती तो हात पळीने मारायची. त्या घरात इतकी वर्षं सेफ्टी ऑफिसर होती आणि तिची फाईल कधी वर गेली नव्हती. रिपोर्ट ऐकून जीवन दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि रडला. रोशनी त्याच्या शेजारी बसून एक जांभूळ खात होती. तिने त्याला दुसरं दिलं आणि चूळ भर म्हणाली.

*

उरलं जीवनचं स्वतःचं. डॉक्टरने विनायक सरांना सगळं खरं सांगितलं. एका कामगाराची प्रकृती गंभीर आहे म्हणून पंखा तातडीने दुरुस्त केला, असं त्यांनी वर कळवलं होतं आणि वरून त्यांना शाबासकीही आली होती. आता तो कामगार कंपनीचा नसून खाडीचा निघाला होता. विचार करून ते म्हणाले की नमुन्यांत गफलत झाली असावी. सगळ्यांचीच तपासणी पुन्हा करू. डॉक्टर म्हणाली की तिला तेच हवं आहे, फक्त गफलत कोणी केली ते ती तिच्या नोंदीत लिहील. जीवनला तिने बाजूला घेऊन रागवायचं राहिलेलं रागवून घेतलं. ते बरंच होतं. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या लबाडीमुळे तुमचे वडील सापडले. म्हणून ती बरी ठरत नाही."

जीवन लॅबमध्ये गेला. रुमाल न बांधता. टेबलामागे रुचिराच होती. तिने चिठ्ठी पाहिली. जीवन, वय एकोणतीस, बॅटरीची कंपनी. तिला काहीतरी आठवलं. तिने मान वर केली आणि समोर काळ्याभोर भुवयांचा, तरतरीत जीवन पाहिला.

"औषध चांगलंच लागू पडलंय," ती म्हणाली.

जीवनने मान डोलावली. त्याला एकच बिस्कीट मिळालं.

त्याचा आकडा चोवीस आला. चांगला नव्हे, पण घाबरून जाण्यासारखाही नव्हे, असं डॉक्टर म्हणाली. शेडमधल्या आणखी काहींचे आकडे त्याच्या वर होते. म्हणजे पंखा लागला तो कमळाकरच्या दातांमुळे, पण हवा होता खरोखरच. आता आपल्याला काढणार, असं जीवनने गृहीत धरलं होतं. डॉक्टरने त्याला भिंतीवरच्या फ्रेमसमोर नेलं आणि प्लास्टिकचा हार बाजूला केला. हाराखाली नियमाचा दुसरा भाग होता. ज्याच्या रक्तात शिसं वाढलेलं निघेल त्याला आकडा उतरेपर्यंत दुसऱ्या कामावर बदली द्यावी, पगार कमी करू नये. इतकी वर्षं ते वाक्य हाराच्या मागे होतं. हृतिकला फोन गेला. तो टेम्पो सोडून यायला लगेच तयार झाला नाही, कारण विश्रांतीत त्याला बरे दिवस आले होते. पण डॉक्टरने रक्त तपासायला बोलावलं तेव्हा आला.

जीवनला पॅकिंगला टाकलं. कायम करायच्या यादीत त्याचं नाव आलं, आणि ते वाचून दाखवताना विनायक सरांनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं. त्यांना हल्ली ऑफिसात झोप लागत नव्हती. बेघर झालेली कबुतरं त्यांच्या एसीच्या मागे राहायला आली होती.

कमळाकरला पक्कड आणून दिली. पहिले काही दिवस तो रुसला. पकडीत हात अडकतो, मग दोरी कोण धरणार, असं त्याचं म्हणणं. नंतर त्याने तोड काढली. दोन्ही हात दोरीला हवे असले की तो पक्कड दातात धरून ठेवायचा. हे पाहून जीवनने डॉक्टरला घाईघाईने फोन केला. मग डॉक्टर म्हणाली की लोखंडाची असेल तर धरू दे, रक्तात लोह कमीच आहे. आयत्या गोळ्या तो आता दुकानातून आणायचा, त्या गुणाबाई हातमोजे घालून ठेवायची आणि मोजे घालूनच द्यायची.

आकडा उतरत गेला. हिंगाची डबी पुन्हा महिनाभर पुरू लागली. चहा एक दिवस अचानक गोड लागला आणि गुणाबाईने साखर वाढवली काय म्हणून त्याने उलटं भांडण काढलं.

पुढे एका सकाळी, ओहोटी लागताना, कमळाकर गुडघाभर पाण्यात उतरला. जीवन कट्ट्यावर उभा होता; कामावर जायला अजून वेळ होता. बापाने पागाची एक कड दाताने उचलायला तोंड खाली नेलं, मध्येच थांबला, कड कोपरावर घेतली. मागे वळून जीवनने पाहिलं का ते पाहिलं. मग कमरेतून वळून त्याने पाग फेकला.

पाग हवेत उघडला. पूर्ण उघडला, चारी बाजूंनी सारखा, गुणाबाईच्या तांदळाच्या भाकरीसारखा, आणि काठाच्या सगळ्या गोळ्या एकाच वेळी पाण्यावर टपकल्या.

कमळाकरने सावकाश पाग ओढला. आत नांग्या रोखलेली एक चिंबोरी होती आणि कोणाची तरी डाव्या पायाची चप्पल. त्याला त्याचं काहीच नव्हतं. डोक्यावरची डाय केव्हाच उतरून केस पांढरे झाले होते, भुवया तर होत्याच. पाण्यात उभ्या उभ्याच तो कट्ट्याकडे वळला.

"जीवन्या, पुडच्या टायमाला लॅबवाली वय इचारंल," तो म्हणाला. "काय सांगू?"

"खरं सांगा बाबा."

कमळाकरने पागाकडे पाहिलं, चिंबोरी चपलेतून बाहेर काढली.

"मंग एकोनतीसच सांगतू," तो म्हणाला.